सहाशे तासांचं इंजिन

आगबोट सुटली तेव्हा दादा बंदरावर आला नव्हता. तो येणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी भोंगा होईपर्यंत मी कठड्याला टेकून किनाऱ्याकडे बघत राहिलो. माणूस असाच असतो. उगाच वाट बघतो आणि मग स्वतःवरच चिडतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. देवगडच्या खाली आमची खाडी आहे, तिच्यावरची तर (माणसं पलीकडे नेणारी होडी) तो चालवतो. मी गोदीत आठ वर्षं इंजिनांवर घालवून गावी परतलेला, म्हणून दोन वर्षांपूर्वी तरीसाठी जुनं इंजिन निवडायचं काम माझ्याकडे आलं. मुंबईत एका दुकानात अर्धा तास ते चालवून ऐकलं, दुकानदाराने दाखवलेल्या वहीतले तास वाचले आणि छाती ठोकून सांगितलं की इंजिन नवं असल्यासारखं आहे. श्रावणात ते खाडीच्या तोंडाशी बंद पडलं. तर आडवी झाली. माणसं हाताला लागतील तशी ओढून काढली. वहिनी हाताला लागली नाही.

दादा मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने इंजिन उपसून किनाऱ्यावर टाकलं, पुन्हा वल्ही हातात घेतली आणि मला तरीवर पाऊल ठेवू दिलं नाही. आता गावाने परत इंजिन आणायचं ठरवलं होतं, कारण पावसाळ्यात अडलेली बाळंतीण वल्ह्यांनी वेळेत पलीकडे पोचत नाही. इंजिनातलं कळणारा गावात दुसरा कोणी नव्हता, म्हणून पुन्हा मीच. मे महिना निम्मा सरला होता. महिनाअखेरीला आगबोटी बंद होतात, तेव्हा त्याच्या आत इंजिन मुंबईहून बोटीवर चढलं पाहिजे होतं.

मुंबईला मी इंजिन बघितलंच नाही. त्या बाजाराची मला धास्ती बसली होती. अमरावतीच्या एका व्यापाऱ्याशी पत्रव्यवहार झालेला होता. धरणांच्या कामांवरची जुनी इंजिनं त्याच्याकडे येतात असं कळलं होतं. नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. सकाळी शेगाव गेलं, अकोला गेलं, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीचा गज हाताला चटका देऊ लागला. बाहेर नुसती काळी जमीन. एक झाड नाही, एक चढ नाही. आमच्याकडे दहा पावलांवर डोंगर नजरेला अडवतो. इथे नजर जाते ती परत येतच नाही. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने माझ्या उघड्या डोक्याकडे बघून विचारलं, "दुपट्टा काऊन नाई घेतला?" आणि उत्तराची वाट न बघता खिशातला कांदा काढून माझ्या हातावर ठेवला. उन्हाची झळ लागू नये म्हणून इथे कांदा जवळ बाळगतात. तो मी पुढचे तीन दिवस खिशात ठेवला.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला उतरलो. जुन्या परकोटाच्या वेशीबाहेर व्यापाऱ्याचं पत्र्याचं गोदाम होतं. आत इंजिन हिरव्यागार रंगात चमकत होतं. रंग बोल्टांच्या डोक्यांवर, खाचांत, अगदी तेलाच्या नळीवरही चढलेला. नवं दिसावं म्हणून ज्याला इतकं रंगवावं लागतं, त्याच्याबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नसतो. मी तेल बोटावर घेऊन चोळलं. त्यात बारीक कचकच होती, म्हणजे आतला धातू झिजून तेलात उतरलेला. मी हात पुसले. व्यापारी रागावला नाही. त्याने चहा मागवला आणि म्हणाला की खरोखर होडीवरचंच इंजिन पाहिजे असेल तर अकोल्याजवळ पूर्णेकाठी एक आहे. वामनराव नावाचे कास्तकार (शेतकरी) आहेत, त्यांची मोटारहोडी पाच पावसाळे नदीवर चालली. आता पुलाचं काम निघाल्यामुळे ते विकणार आहेत. पण बऱ्हाणपूरचा एक रेतीवाला परवा बघायला येणार आहे, तेव्हा घाई करा.

घाई हा शब्द मी ऐकायला नको होता. मी मुळात उतावळा, त्यात डोक्यावर आगबोटीची तारीख. त्या रात्री धर्मशाळेत मला नीट झोप लागली नाही आणि सकाळची पहिली गाडी धरून मी अकोल्याला परतलो.

अकोल्याहून अकोटकडे जाणारी मोटार खचाखच भरलेली होती. दोन्ही बाजूंना उन्हाने फुटलेली जमीन, भेगा इतक्या रुंद की आख्खा तळहात आत जाईल. पूर्णेच्या अलीकडे उतरून अर्धा कोस चाललो. नदी म्हणजे डोहांची रांग राहिली होती. काठावर कडुलिंबाच्या सावलीत ओंडक्यांवर चढवलेली होडी दिसली. समुद्रापासून इतक्या दूर होडी बघून कोणाही कोकण्याला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटेल. सागवानी, अंगाने सुरेख, सांधे घट्ट. होडी मला नको होती, पण जो होडी अशी ठेवतो त्याने इंजिनही तसंच ठेवलं असणार, असा निष्कर्ष मी तिथल्या तिथे काढून टाकला.

वामनराव सहा फुटी, पांढऱ्या मिशांचे, बोलायला तोडून टाकल्यासारखे. वऱ्हाडी माणूस गोड बोलायच्या भानगडीत पडत नाही, आणि दोन मिनिटांत मला ते आवडलं. त्यांनी आधी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, वरण. वरणातली डाळ शिजलेली नव्हती, दाताखाली येत होती. चहाही खारट लागला. पाव्हण्याने सांगावं कसं म्हणून मी जेवत राहिलो, पण वामनरावांनीच सांगितलं की हा खारपाणपट्टा (विहिरींना खारं पाणी लागतं तो पूर्णाकाठचा मुलूख), इथे डाळ शिजत नाही. प्यायचं पाणी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून येतं, पण आज चहाला विहिरीचंच वापरलं गेलं. मी हसून म्हटलं की आम्हाला खाऱ्या पाण्याची सवय आहे. एवढ्यावर तो विषय मी सोडून दिला. नंतर त्या अर्धकच्च्या डाळीची मला कितीतरी वेळा आठवण झाली.

जेवणानंतर वही आली. लाल कापडी बांधणीची, वामनरावांच्या स्वतःच्या हातची. कोणत्या दिवशी होडी किती वाजता सुटली, किती वाजता लागली, सगळं लिहिलेलं. शाई वेगवेगळी, अक्षर कधी घाईचं, कधी निवांत, एका पानावर पाणी पडून फिसकटलेलं. अशी वही कोणी एका बैठकीत रचू शकत नाही. मी बेरीज केली. पाच पावसाळ्यांत सहाशे बारा तास. सहाशे तास म्हणजे इंजिनाचं बाळपण. वाटलं, सुटलो. हे इंजिन घेऊन बंदरावर उतरेन तेव्हा निदान लोकांच्या नजरेला नजर देता येईल.

मी होडीत चढलो. आत एक माणूस आधीच हत्यारं मांडून बसला होता. चाळिशीचा, अंगाने वाळका, बोटं तेलाने कायमची काळी झालेली. वामनरावांनी ओळख करून दिली: किसन मिस्त्री, युद्धाच्या वेळी लष्कराच्या वर्कशॉपात शिकला, आता आमच्या जिनचं (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याचं) सगळं बघतो. किसनने मान हलवली.

इंजिनाला मी हात लावला आणि चमकलो. ते गरम होतं. जुनं इंजिन घ्यायला जाणाऱ्याने ते थंड असताना पहिल्यांदा सुरू होताना बघावं लागतं. गरम इंजिन कसंही सुरू होतं, आपला आजार लपवतं. व्यापाऱ्याने आदल्या दिवशी वामनरावांना केलेल्या तारेत मी तसं लिहायला लावलं होतं. वामनराव म्हणाले, "पावणे येनार म्हून सकाळीच चालवून पायलं. बंद पडलं असतं त इज्जत गेली असती." त्यात लबाडी नव्हती. कोणी घर झाडून ठेवतं तसंच ते. तरीही मला बेचैन वाटू लागलं.

आम्ही ते थंड व्हायची वाट बघत बसलो. ऊन असं की थंड होणं ही कल्पनाच विनोदी वाटावी. दोन तासांनी मी चाक हाताने फिरवलं. दाब उत्तम, दोन्ही सिलिंडरांत सारखा. तेल स्वच्छ, बोटांवर रेशमासारखं. सुरू केलं तर पहिल्या झटक्याला उठलं, धूर क्षणभर निळसर आणि मग दिसेनासा. ठोका नाही, खोकला नाही. वामनराव मिशीवरून हात फिरवत होते. संध्याकाळपर्यंत शब्द द्या, म्हणाले, उद्या सकाळी रेतीवाला येतोच आहे.

आणि मी शब्द देणार होतो. हे मी लपवत नाही. दोन गोष्टी माझ्या नजरेला खटकल्या होत्या आणि दोन्हींकडे मी मुद्दाम डोळेझाक केली होती. एक, इंजिनाच्या बैठकीचे बोल्ट नुकतेच आवळलेले होते, त्यांच्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते. दुसरं, चाकाची कड. होडीतल्या इंजिनाच्या चाकावर पट्टा चढत नाही, म्हणून कडेला गंज धरतो. या चाकाची कड आरशासारखी गुळगुळीत होती. मी मनाची समजूत घातली की होडीतलं पाणी उपसायचा पंप जोडत असतील. ज्याला हो म्हणायचं असतं त्याला कारणं आपोआप सुचतात.

पण गोदीतल्या माझ्या उस्तादाने एक खोड लावून दिली होती. इंजिन पसंत पडलं की मग एक तरी झाकण उघडायचं. मी किसनकडे पाना मागितला आणि सिलिंडरभोवती थंड करायचं पाणी खेळतं त्या पोकळीचं झाकण काढलं.

आत पांढरा थर होता. बोटभर जाड, कडक, खवल्यांचा. नखाने खरवडून जिभेवर टेकवला. मीठ.

हे दृश्य मला पाठ होतं. समुद्रात वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनाच्या पोटात हेच दिसतं, आणि खाली लोखंड पापुद्र्यासारखं सुटत असतं. पण या इंजिनाने समुद्र बघितला नव्हता. पूर्णेच्या पुराचं पाणी गोडं. सहाशे तासांत, गोड्या पाण्यात, एवढं मीठ आलं कुठून? आणि मग दुपारची ती न शिजलेली डाळ आठवली.

मी किसनला विचारलं, हे इंजिन विहिरीवर चालतं का. त्याने उत्तर द्यायच्या आधी मलाच प्रश्न केला. तिकडे कोकणात हे कशाला पाहिजे? मी सांगितलं, खाडीच्या तरीला. समुद्राच्या तोंडाशी.

"मानसं बसनार यात?"

"माणसंच बसणार."

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मले वाटलं, नारळाच्या बागेले पानी द्याले नेऊन राहिले," तो म्हणाला, आणि वामनरावांकडे एकदा बघून त्याने सगळं सांगून टाकलं. पावसाळा संपला की इंजिन होडीतून निघतं. दसऱ्यापासून जिनवर पट्टा लागतो तो कापूस संपेपर्यंत, दिवसपाळी आणि रातपाळी. उन्हाळ्यात ते शेतातल्या विहिरीवर जातं. पाचही वर्षं हेच. गिऱ्हाइकाला दाखवायचं म्हणून चार दिवसांपूर्वी ते परत होडीत बसवलं होतं. या मुलखात इंजिन म्हणजे बैलजोडी. पेरणी झाली म्हणून बैल कोणी गोठ्यात उभे करून ठेवत नाही. आणि आमच्याकडे होडीचं इंजिन होडीतच जन्माला येतं, होडीतच गंजून मरतं. दुसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

किसनने खाकी शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढली. तेल बदललं की एक ओळ लिहायची, एक ओळ म्हणजे शंभर तास. मी ओळी मोजल्या. चौऱ्याण्णव भरल्या.

वामनरावांचा चेहरा लाल झाला होता, पण ते डगमगले नाहीत. "मी खोटं नाई बोललो. तुमी होडीचे तास इचारले, मी होडीचे सांगतले. जिनचे कोनी इचारले?" त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला राग आला. स्वतःचा.

पण लोभ सुटत नाही. मी किसनला म्हटलं की तेल वेळेवर बदललंय, रिंगा घट्ट आहेत, दाब चांगला आहे. मीठ खरवडून काढलं तर? नऊ हजार तास झाले म्हणून काय झालं, चाकरी करणाऱ्याचा हात चांगला आहे. मी त्याच्याकडे जवळजवळ गयावया करत बघत होतो. एक हो म्हण, बस.

किसनने हातोडीच्या दांड्याने पोकळीच्या खालच्या अंगाला रंग खरवडला. खाली वीतभर तडा होता, त्यात तांब्याच्या बारीक मेखा शेजारी शेजारी ठोकून तो शिवलेला. इतकं सुबक काम मी गोदीतही थोडंच बघितलं होतं.

"मागल्या उन्हाळ्यात माह्याच हातानं शिवलं," तो म्हणाला. "शेतात अजून धा वर्सं चालन. पन जमिनीवर इंजन बंद पडलं त मानूस खाली उतरते. पान्यात कुठं उतरते? मी नाई देनार."

इंजिन त्याचं नव्हतंच, तरी तो 'देणार नाही' म्हणाला. वामनराव उठून उभे राहिले. ते ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "किसन, इकडे ये."

मी वामनरावांचे आभार मानले, जेवणाचेही मानले. त्यांनी हात जोडले, पण बैलगाडी जोडायला सांगितली नाही. अकोल्याकडे जाणारी शेवटची मोटार सूर्य बुडायच्या आत जाणार होती. मी पिशवी उचलून अर्धा कोस जवळजवळ धावतच गेलो. वळणावर मागे बघितलं तर लिंबाखाली दोघं उभे होते. वामनराव बोलत होते आणि किसन मान खाली न घालता ऐकत होता. तेवढ्यात मोटारीचा आवाज आला.

परतीच्या प्रवासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. गाडीत मी मेल्यासारखा झोपलो. भुसावळला केळी घेतली. मुंबईत एक दिवस वाया गेला आणि हंगामातल्या शेवटून दुसऱ्या आगबोटीवर जागा मिळाली, सामानाच्या खात्यात काहीही न चढवता. समुद्र आधीच खवळायला लागला होता. मला भीती वाटत होती ती लाटांची नव्हती. गावाला काय सांगू, रिकाम्या हाताने कोणत्या तोंडाने उतरू, हीच घोकंपट्टी मी रात्रभर करत होतो. मधूनच हलकंही वाटायचं आणि त्या हलकेपणाची लाज वाटायची.

बंदरावर लोक चिडले, ते रास्तच होतं. पावसाळा तोंडावर आणि तर वल्ह्यांवरच राहिली. दादा घोळक्याच्या मागे उभा होता. लोक पांगल्यावर तो माझ्यासमोर येऊन वाळूवर बसला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी त्याला सगळं सांगितलं, अमरावतीच्या हिरव्या रंगापासून तांब्याच्या मेखांपर्यंत. माझी डोळेझाकही सांगितली. मी शब्द देणार होतो, हेही सांगितलं. तो समुद्राकडे बघत ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारलं.

"त्या फिटराचा मगे काय झाला?"

मला माहीत नव्हतं. मालकाच्या तोंडावर त्याचा सौदा मोडणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, हे विचारायला मी थांबलोच नव्हतो. मोटार चुकेल म्हणून पळालो होतो. माझ्या गावातली, त्याने कधीही न बघितलेली माणसं त्याला दिसली, आणि डोळ्यांसमोर उभा असलेला तो मला दिसला नाही. इतकी शरम मला इंजिन बंद पडलं त्या दिवशीही वाटली नव्हती, कारण त्या दिवशी दुःखाने दुसऱ्या कशाला जागा ठेवली नव्हती.

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं, किसन मिस्त्री, असं नाव घालून आणि पूर्णेकाठच्या त्या गावाचा पत्ता टाकून. पावसाळाभर उत्तर आलं नाही. नवरात्राच्या सुमारास एक कार्ड आलं, शिक्का चांदूर बाजारचा. वळणदार अक्षर, वर 'जय भीम', खाली चार ओळी. वामनरावांनी आठ दिवसांनी कामावरून काढलं, आता तो इकडच्या जिनवर आहे, इथलं पाणी गोडं आहे, बायको-मुलं बरी आहेत. तक्रारीचा एक शब्द नव्हता. शेवटी विचारलं होतं: तुमची तर वल्ह्यावर चालते, मग एका खेपेला किती माणसं बसवता, ते कळवावे. जास्त बसवत जाऊ नका.

ते कार्ड मी दादाला वाचून दाखवलं. त्याने पुन्हा वाचायला सांगितलं. त्या श्रावणातल्या दिवशी तरीत कुवतीपेक्षा जास्त, चौदा माणसं होती, आणि ती दादाने बसवली होती. ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. पण इंजिन माझं होतं म्हणून कोणी ती कधी तोंडातून काढली नव्हती, त्याने नाही आणि मीही नाही.

दादाने वल्हं तरीत ठेवलं, माझ्यासाठी दुसऱ्या बाजूची फळी रिकामी केली आणि म्हणाला, "आठ. कळव तेका."